नाणी शेठजींची, इतिहास कुणाचा? : वर्सोव्यातून नाणेसंग्रहाकडे पाहताना

नाणी जमवणं हा श्रीमंतांचा छंद आहे, चळवळीचा त्याच्याशी काय संबंध, असा प्रश्न आमचे अनेक कार्यकर्ते विचारतात. प्रश्न रास्त आहे. ज्याच्या खिशात महिनाअखेरीस नाणं उरत नाही, त्यानं दोन हजार वर्षांपूर्वीची नाणी का जमवावी? घरकुल, शिष्यवृत्ती, अ‍ॅट्रॉसिटीच्या केसेस, नोकरीतला अनुशेष, एवढं सगळं पुढ्यात असताना चिल्लर मोजत बसायला वेळ कुणाला आहे?

आमचं म्हणणं असं आहे की वेळ काढला पाहिजे. पोथी जाळता येते, नवी लिहिता येते, जुन्या पोथीत श्लोक घुसडता येतात. लेण्यातल्या स्तूपाला शेंदूर फासून त्याचं देऊळ करता येतं. पण जमिनीत हजारांच्या संख्येनं विखुरलेली नाणी कुणालाही एकाच वेळी बदलता येत नाहीत. म्हणून नाणं हा इतिहासाचा सर्वात चिवट साक्षीदार आहे. आणि साक्षीदार कोर्टात आहे, पण त्याची उलटतपासणी करायला आपला वकीलच हजर नाही, अशी आज आपली अवस्था आहे.

बाबासाहेबांनी नाण्यापासून सुरुवात केली

ज्यांना हा विषय चळवळीबाहेरचा वाटतो, त्यांनी एक गोष्ट आठवावी. १९२३ साली लंडनच्या पी. एस. किंग अँड सन या प्रकाशनानं 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा ग्रंथ काढला. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा हा डी.एस्सी.चा प्रबंध. त्याला त्यांचे गुरू एडविन कॅनन यांची प्रस्तावना आहे, आणि आपल्याला सगळंच पटलेलं नाही हेही कॅननसाहेबांनी त्यात मोकळेपणानं नोंदवलं आहे. बाबासाहेबांनी हा प्रबंध सुरू केला तो नाण्यांच्या इतिहासापासून. मुघलांची सोन्याची मोहर, चांदीचा रुपया, मग १८३५ च्या कायद्यानं सगळ्या कंपनी मुलखासाठी ठरवलेला १८० ग्रेन वजनाचा एकच रुपया, ज्यात १६५ ग्रेन शुद्ध चांदी, आणि १८९३ साली चांदीच्या मुक्त टांकणीसाठी बंद झालेल्या टांकसाळी. अस्पृश्य म्हणून जन्मलेला एक माणूस साहेबाच्या राजधानीत बसून साहेबाच्याच रुपयाचा हिशोब तपासत होता.

१९२५ च्या डिसेंबरात हिल्टन यंग कमिशनपुढे त्यांनी साक्ष दिली. रुपयाची किंमत घसरली की निर्यातदार व्यापारी खूश होतो, पण महागाई आधी वाढते आणि मजुरी मागून रडतखडत येते, म्हणजे व्यापाऱ्याचा नफा मजुराच्या ताटातून जातो, हा त्यांचा मुद्दा होता. नाणं म्हणजे नुसता धातू नव्हे, त्यात कुणाचं तरी पोट असतं, हे त्यांनी सरकारी कमिशनला सांगितलं.

इथे आपल्या लोकांनाही एक सांगायचं आहे. 'रिझर्व्ह बँक बाबासाहेबांनी स्थापन केली' असे मेसेज डोळे मिटून पुढे पाठवू नका. त्यांनी प्रबंध लिहिला, कमिशनपुढे साक्ष दिली, त्या कमिशननं १९२६ च्या अहवालात मध्यवर्ती बँकेची शिफारस केली, १९३४ ला कायदा झाला आणि १ एप्रिल १९३५ ला बँक सुरू झाली. जे आहे तेच इतकं मोठं आहे की फुगवण्याची गरज नाही. फुगवलेला दावा विरोधक एका टाचणीनं फोडतो, आणि मग त्याच्यासोबत खरा दावाही फुटतो.

वर्सोव्यातून लोकल पकडा

आता आमच्या वर्सोव्याकडे या. आमचं वेसावे. कोळीवाडा, खाडी, पलीकडे मढचा किल्ला. १५३४ च्या करारानं वसई आणि साष्टीचा हा टापू पोर्तुगीजांकडे गेला, १७३९ ला वेसाव्याचा किल्ला मराठ्यांनी घेतला, १७७४ ला साष्टी इंग्रजांनी घेतली. झेंडे तीन बदलले. किनाऱ्यावर मासळी विकणाऱ्या बाईच्या हातात मात्र शेवटपर्यंत सगळ्यात हलकं नाणंच आलं. पोर्तुगीज मुलखात त्या हलक्या नाण्याला 'बझारुक' म्हणत, म्हणजे बाजारातलं नाणं. शिशाचं, कथलाचं, तांब्याचं. इंग्रजांनी १६७२ ला मुंबईत टांकसाळ काढली. १६७६ ला दुसऱ्या चार्ल्स राजानं जी सनद दिली तिच्यात रुपये आणि पैशांबरोबर या बझारुकाचंही नाव आहे. म्हणजे राजाच्या सनदेतही मासळीबाजाराची चिल्लर पोचली होती, कारण तिच्याशिवाय बाजार चालत नव्हता.

आज नाण्यांच्या लिलावात काय होतं? सोन्याची मोहर काचेच्या पेटीत, मखमलीवर. तिची बोली लाखांत. आणि शिशाचं झिजलेलं बझारुक टेबलाखालच्या टोपलीत, 'कोणतंही घ्या' भावात. वस्तू दुर्मिळ असली की किंमत वाढते, हे बाजाराचं गणित आम्हाला समजतं. पण इतिहासाचं गणित तेच असावं का? मोहर हजारात एकाच्या तिजोरीत होती. बझारुक आणि शिवराई ही हजारांच्या कनवटीला होती. कष्टकऱ्यांचा इतिहास लिहायचा तर तो टोपलीतच शोधावा लागेल.

वर्सोव्याहून मेट्रोनं अंधेरीला या आणि विरार लोकल पकडा. अंधेरी पूर्वेलाच महाकाली नावानं ओळखली जाणारी कोंडिवट्याची बौद्ध लेणी आहेत. बोरिवलीला उतरलात तर कान्हेरी. नालासोपाऱ्याला उतरलात तर सोपारा, म्हणजे प्राचीन शूर्पारक. एका तिकिटात एवढा बौद्ध इतिहास दुसरीकडे क्वचितच मिळेल.

सोपाऱ्यात १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी एक स्तूप उकरला. त्या टेकाडाला गावातले लोक म्हणत 'बुरूड राजाचा कोट'. बुरूड, म्हणजे बांबू विणून टोपल्या-सुपं करणारा, आज महाराष्ट्राच्या अनुसूचित जातींच्या यादीत असलेला समाज. स्तूपाच्या पोटात दगडी पेटी होती, तिच्यात एकात एक ठेवलेले करंडक, भिक्षापात्राचे तुकडे, बुद्धमूर्ती आणि एक लहानसं चांदीचं नाणं. ते नाणं यज्ञश्री सातकर्णी या सातवाहन राजाचं. त्या एका नाण्यामुळे स्तूपाचा काळ इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या आसपास बांधता आला. मूर्ती त्याहून कितीतरी नंतरच्या घडणीच्या आहेत. म्हणजे हे ठिकाण शतकानुशतकं जिवंत होतं, लोक तिथे येत होते. एवढी साक्ष एका नाण्यानं आणि काही मूर्तींनी दिली.

कान्हेरीत नवव्या शतकातले, राष्ट्रकूट अमोघवर्षाच्या काळातले शिलालेख आहेत. गौड देशातून, म्हणजे बंगालकडून आलेल्या अविघ्नाकर नावाच्या बौद्ध उपासकानं भिक्खूंसाठी शंभर द्रम्मांचं कायमचं दान दिलं. दुसऱ्या एका लेखात दिलेल्या द्रम्मांची वाटणीच लिहिली आहे : बुद्धपूजेसाठी इतके, विहाराच्या डागडुजीसाठी इतके, चीवरांसाठी इतके, आणि पुस्तकांसाठी वेगळे. पुस्तकांसाठी! मनुस्मृतीच्या चौकटीत ज्यांच्या कानांना वेदाचा शब्द वर्ज्य होता, त्याच देशात बोरिवलीच्या डोंगरात पुस्तकांसाठी नाणी बाजूला काढली जात होती.

विणकरांची बँक

नाशिकच्या लेण्यांत नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. त्यानं गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे तीन हजार कार्षापणं ठेव म्हणून ठेवली. दोन हजारांवर दरमहा शेकडा एक, आणि एक हजारावर दरमहा शेकडा पाऊण व्याज. दोन हजारांचं वर्षाचं व्याज दोनशे चाळीस. लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा. वीस गुणिले बारा, दोनशे चाळीस. हिशोब पैशाला पैसा जुळतो. मूळ रकमेला हात लावायचा नाही, फक्त व्याज वापरायचं, असं दगडात कोरलं आहे.

याचा अर्थ लक्षात घ्या. राजाचा जावई आपली ठेव कुणाकडे ठेवतो? विणकरांकडे. हातानं काम करणाऱ्यांची संघटना त्या काळी इतकी विश्वासाची होती की पिढ्यान् पिढ्यांची ठेव तिच्याकडे जावी. पुढे हेच कारागीर शूद्र ठरले, बलुतेदार झाले, आणि त्यांच्या हातात नाण्याऐवजी सुगीला धान्य आणि सणाला शिळं अन्न पडू लागलं. ही घसरण केव्हा आणि कशी झाली, हा आपल्या इतिहासाचा मुख्य प्रश्न आहे. त्याचं अर्धं उत्तर नाण्यांत आहे.

शिलालेखात या श्रेणीला 'कोलिक निकाय' म्हटलं आहे. आमच्या कोळीवाड्यातल्या एखाद्या तरुणाला वाटेल की हे आपलेच पूर्वज. पण कोलिक म्हणजे विणकर, कोष्टी. कोळी नव्हे. शब्द जुळला म्हणून जात जुळवायची, हे पुराणिकांचं काम, आपलं नव्हे. त्याच लेखमालेत उषवदातानं ब्राह्मणांना लाखांनी गायी दिल्याचंही येतं. तेही वाचायचं. अर्धा लेख वाचणं ही ज्यांची परंपरा आहे त्यांची त्यांना लखलाभ.

याच नाशिकजवळ जोगळटेंभी इथे १९०६ मध्ये नहपानाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली. त्यातल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला ठसा पुन्हा मारला होता. एका राजानं दुसऱ्याला हरवलं, हे कुठल्या पुराणानं नाही, नाण्यांच्या त्या ढिगानं सिद्ध केलं. गौतमीपुत्राच्या ठशात तीन कमानींची एक खूण आहे. बहुतेक कॅटलॉगवाले तिला 'डोंगर' म्हणतात, काही अभ्यासकांनी तिला चैत्य म्हटलं. वाद मिटलेला नाही. आपण तिथे बसून वाद घातला पाहिजे, पुराव्यानिशी. गौतमीपुत्र बौद्ध होता असं मात्र म्हणता येणार नाही. त्याच्या आईनं, गौतमी बलश्रीनं कोरून घेतलेल्या लेखात त्याला 'एकबम्हण' म्हटलं आहे आणि चार वर्णांची सरमिसळ थांबवणारा म्हणून त्याचं कौतुक केलं आहे. आणि गंमत पाहा, वर्णसंकर थांबवल्याची ही बढाई ज्या लेण्यात कोरली आहे, ते लेणं बलश्रीनं दान दिलं बौद्ध भिक्खूंना. राजाची विचारसरणी एकीकडे आणि लोकांच्या श्रद्धेचा रेटा दुसरीकडे. जात पक्की करू पाहणाऱ्या राजघराण्यालाही संघापुढे हात जोडावे लागत होते, हा यातून निघणारा निष्कर्ष आम्हाला जास्त मोलाचा वाटतो.

ठशावरचं नाव आणि खरी सत्ता

नाण्यावर नाव कुणाचं आणि राज्य कुणाचं, हाही एक धडा आहे. छत्रपती शिवरायांच्या नावाची तांब्याची शिवराई त्यांच्यानंतर कितीतरी काळ पाडली जात राहिली. पेशवाईत सत्ता पुण्याच्या शनिवारवाड्यात होती, पण तांब्याच्या पैशावर 'श्री राजा शिव' आणि 'छत्रपति' हीच अक्षरं होती. चांदीच्या रुपयावर तर दिल्लीच्या मुघल बादशहाचं नाव असे. ज्यांनी अस्पृश्यांच्या गळ्यात मडकं आणि कमरेला झाडू बांधला, त्यांना आपल्या नावाचं नाणं रयतेच्या हातात देता आलं नाही. रयत पैसा ओळखत होती तो शिवाच्या नावानं. दुदांडी शिवराई आजही नाणेबाजारात ढिगानं मिळते. हा ढीगच पुरावा आहे.

आणि नाण्याला विटाळ होतो का? १९०१ साली लहानगा भीमराव भावंडांसह मसूर स्टेशनवर उतरला, ती हकीकत बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवली आहे. पोरं महारांची आहेत हे कळल्यावर गाडीवाले तयार होईनात. शेवटी दुप्पट भाडं ठरलं आणि गाडी पोरांनीच हाकायची, गाडीवाला पायी चालणार. म्हणजे पोरांचा पैसा गाडीवाल्याला चालला, पोरं चालली नाहीत. जातीचं सगळं अर्थशास्त्र या एका व्यवहारात आहे. नाणं हातोहात फिरतं, त्याला जात विचारत नाहीत. विटाळ असतो तो फक्त देणाऱ्या हातात. म्हणूनच बाबासाहेबांनी १९२८ ला मुंबई कायदेमंडळात महार वतनाविरुद्ध बिल आणलं. बलुत्याची भाकर नको, रोख मजुरी हवी. भाकर उपकार ठरते, मजुरी हक्क ठरते.

नाणेमंडळं आणि आपण

आता आजच्या नाणेसंग्रहाकडे. न्युमिस्मॅटिक सोसायटी ऑफ इंडिया १९१० ला अलाहाबादेत निघाली. नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे. मुंबईत मुंबई कॉइन सोसायटी आहे, पुण्यातली इंटरनॅशनल कलेक्टर्स सोसायटी ऑफ रेअर आयटम्स 'कॉइनेक्स' प्रदर्शन भरवते. अशा मंडळांतून नाण्यांची देवाणघेवाण होते, व्याख्यानं होतात, खरं-खोटं पारखायला जुनी माणसं शिकवतात. कित्येक नाण्यांची पहिली नोंद विद्यापीठानं नाही, अशा हौशी माणसांनी केली आहे. हे काम आम्ही नाकारत नाही.

पण काही प्रश्न विचारणं आमचं कर्तव्य आहे. नांगराच्या फाळाला हंडा लागतो तो कुणाच्या? वीटभट्टीची माती कोण खणतं? धरणाच्या, रस्त्याच्या खोदकामावर घमेलं कुणाच्या डोक्यावर असतं? नाणी सापडतात शेतमजुराला, आदिवासीला, बेलदार-वडाराला. मग ती सराफाकडे जातात, तिथून दलालाकडे, तिथून संग्राहकाकडे, तिथून लिलावात. शेवटी कॅटलॉगात नाव छापलं जातं संग्राहकाचं. सापडवणारा पहिल्याच पायरीवर, बहुतेक वेळा धातूच्या वजनाच्या भावात, कथेतून बाहेर पडतो.

आणि कायदा काय म्हणतो? १८७८ चा निखात निधी कायदा आजही लागू आहे. दहा रुपयांहून अधिक किमतीचा पुरलेला ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्याला कळवायचं. मालक पुढे आला नाही आणि सरकारनं तो ठेवा घेतला नाही, तर वेगळा करार नसेल तेव्हा सापडवणाऱ्याला तीन चतुर्थांश आणि जमीनमालकाला एक चतुर्थांश, अशी तरतूद आहे. सरकारला तो ठेवा हवा असेल तर त्यानं मोबदला द्यायचा आहे. न कळवलं तर शिक्षा आहे. किती मजुरांना हे माहीत आहे? माहीत नसल्यामुळे माणूस घाबरतो, घाबरून चांदी वितळवतो किंवा मातीमोल विकतो, आणि जोगळटेंभीसारखा एखादा पुरावा मुशीत जातो.

दुसरा धोका फसवणुकीचा. 'जुना एक रुपया द्या, लाखो घ्या' अशा जाहिराती मोबाइलवर फिरतात आणि नोंदणी फीच्या नावाखाली गरिबाचे हजार-दोन हजार जातात. ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेलाच जाहीर इशारा द्यावा लागला की आमच्या नावानं चालणाऱ्या या व्यवहारांशी आमचा संबंध नाही. १९९० साली बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीचा रुपया निघाला, तो चलनातला साधा रुपया आहे. ६ डिसेंबर २०१५ ला दहा रुपयांचं आणि संग्रहासाठीचं एकशे पंचवीस रुपयांचं नाणं निघालं. घरात जपून ठेवा, पोरांना दाखवा. पण त्यावर लाखो मिळतील म्हणून कुणाला पैसे भरू नका.

तिसरा धोका खोट्या नाण्यांचा. एका बाजूला राम-हनुमान, दुसऱ्या बाजूला 'ईस्ट इंडिया कंपनी १८१८' अशी नाणी बाजारात आणि देव्हाऱ्यात सर्रास दिसतात. ती बनावट आहेत. मद्रासकडे कंपनीनं दैवतांची चित्रं असलेले होन पाडले, हे खरं, पण १८१८ साल घातलेली ही आण्यांची नाणी कंपनीच्या कुठल्याही टांकसाळीत पडलेली नाहीत. १८१८ हे साल आम्हाला भीमा कोरेगावच्या स्तंभामुळे माहीत आहे. त्याच सालाच्या नावानं खोटी भक्ती विकली जाते आणि 'इंग्रजही रामाला मानत' असा इतिहास तिच्यावर रचला जातो. ती ओळखायची तर नाणं वाचता आलं पाहिजे.

मग करायचं काय?

जेम्स प्रिन्सेप हा कलकत्त्याच्या टांकसाळीतला धातू पारखणारा अधिकारी. १८३७ ला सांचीच्या कठड्यावरच्या लहान लहान लेखांत शेवटी 'दानं' हा शब्द त्यानं ओळखला आणि ब्राह्मी लिपी उलगडली. अशोक परत आला तो सामान्य उपासकांच्या दानाच्या नोंदींतून. कनिष्काच्या नाण्यावर ग्रीक अक्षरांत 'बोद्दो' लिहिलेला बुद्ध आहे. आणि १५ ऑगस्ट १९५० ला प्रजासत्ताकाची पहिली नाणी आली, तेव्हा इंग्रज राजाचं डोकं जाऊन त्या जागी अशोकाचे सिंह आले. ज्याचं नावही हा देश विसरला होता, त्याची खूण आज प्रत्येकाच्या खिशात आहे.

महाराष्ट्रात आज आपली पोरं-पोरी रविवारी लेण्यांत जाऊन धम्मलिपी वाचायला शिकतात. त्याच वर्गात नाणी आणा. अस्सल नसतील तर फोटो आणा, फोर्टातलं रिझर्व्ह बँकेचं मॉनेटरी म्युझियम २००४ पासून उघडं आहे, तिथे वर्ग घेऊन जा. नाणेमंडळांच्या प्रदर्शनांना जा, सभासद व्हा, प्रश्न विचारा. मराठीत फलक मागा. नाणं कुठे सापडलं आणि कुणाला सापडलं हे कॅटलॉगात छापा, अशी मागणी करा. गावाकडे कुणाला नाणी सापडली तर चिंच-लिंबू लावून घासू नका, सगळी एकत्र ठेवा, फोटो काढा, तहसील कार्यालयात लेखी कळवा आणि पोच घ्या. सापडवणाऱ्याचं नाव त्या पोचपावतीवर आलंच पाहिजे.

यासाठी लाखो रुपये लागत नाहीत. प्रत्येक विहारात एक वजनकाटा, एक भिंग आणि एक वही लागते. कान्हेरीच्या भिक्खूंसाठी कुणीतरी पुस्तकांचे द्रम्म वेगळे काढले होते. आपल्या विहाराच्या वर्गणीतही तो रकाना असू द्या.

जय भीम!